साथ की कट? जैविक हल्ल्याचा तपास अवघड का असतो?

बॉम्बस्फोट लगेच कळतो. जंतूंचा हल्ला मात्र सुरुवातीला साध्या आजारपणासारखा दिसतो.

१९८४ मध्ये अमेरिकेच्या ऑरेगन राज्यातल्या द डॅलेस शहरात ७५१ जणांना साल्मोनेलाची बाधा झाली. रुग्णांनी काय खाल्लं हे विचारल्यावर धागा हॉटेलांमधल्या सॅलडपर्यंत पोहोचला. पण आरोग्य अधिकाऱ्यांनी ठपका ठेवला कर्मचाऱ्यांच्या अस्वच्छतेवर!

वर्षभराने रजनीश यांनीच आपल्या सचिव राहिलेल्या शीला यांच्यावर आरोप केले. मग आश्रमाच्या प्रयोगशाळेची झडती झाली. तिथला जंतू रुग्णांमधल्या जंतूशी जुळला. स्थानिक निवडणुकीत विरोधी मतदार घरीच राहावेत, हा डाव होता. शीला यांना शिक्षा झाली.

प्रयोगशाळा जंतू ओळखते. तो कुणी आणि का पसरवला, हे पोलिसांनाच शोधावं लागतं.