नाशिकला वाइन, मग वऱ्हाडात का नाही?

नाशिकच्या वायनरीतले रील्स दिसले की अमरावती-अकोल्याकडे प्रश्न येतोच: थंड हवेचं चिखलदरा आपल्याकडे असताना वाइन तिकडेच का?

तर पहिलं कारण उंची. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण 600 मीटरवर, अकोला त्याच्या निम्म्यावर. अकोल्याच्या उन्हाळ्याबद्दल वेगळं सांगायला नको, पण इथे खरा खेळ हिवाळ्याचा आहे. युरोपात द्राक्षं ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये खुडतात. आपल्याकडे तेव्हा पाऊस. म्हणून नाशिकचा शेतकरी वेल दोनदा छाटतो. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, पाऊस सरताना फळछाटणी. मग घड तयार होतात जानेवारी ते मार्चमध्ये. दिवसाच्या उन्हाने साखर भरते, रात्रीच्या गारव्याने आंबटपणा टिकतो. वाइनला दोन्ही लागतं.

चिखलदरा जवळपास 1100 मीटरवर आहे, पण भोवती मेळघाटचं जंगल. तिथे कॉफी मात्र पिकते.

दुसरं कारण कारखाना. सुलाची पहिली वाइन 2000 मध्ये आली. 2001 मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणून करात सवलती दिल्या आणि बागांजवळ वायनऱ्या उभ्या राहिल्या. वरुड-मोर्शीच्या संत्र्याच्या वाट्याला असं फारसं काही आलं नाही. भाव पडला की बारीक संत्री फेकून द्यावी लागतात. रसाला ती चालली असती. अडचण एवढीच की नागपुरी संत्र्याचा रस ठेवला की लिमोनिनमुळे कडवट होतो. तो कडवटपणा काढायचं तंत्र आहे, पण त्यासाठी कारखाना लागतो.