पितृसत्ता म्हणजे पुरुषांचे राज्य?

वर्गात 'पितृसत्ता म्हणजे काय?' असे विचारले, की बहुधा उत्तर येते, 'पुरुष बायकांवर हुकूम चालवतात ती.' मग एखादा मुलगा म्हणतो, 'पण आमच्या घरी तर आजीचंच चालतं!' वर्ग हसतो. शंका मात्र रास्त आहे.

शब्द 'पितृ' आहे, 'पुरुष' नव्हे. घरातल्या कर्त्या पुरुषाची बायको, मुले, सुना, धाकटे भाऊ या सर्वांवरची सत्ता, हा त्याचा मूळ अर्थ. पुढे मालमत्ता, कायदा, रूढी यांतून पुरुषांना वरचे स्थान देणाऱ्या सगळ्या व्यवस्थेला तो लावला जाऊ लागला. आजी सुनेला धाकात ठेवते ती मुलाची आई म्हणून; सातबारा बहुधा आजोबांच्याच नावे असतो. उलट, मेघालयातील खासी समाजात कूळ आईकडून चालते, वारसा धाकट्या मुलीकडे जातो, तरीही कुटुंबात मामाच्या शब्दाला वजन असते. म्हणजे वंश कोणाचा आणि सत्ता कोणाची, हे प्रश्न वेगळे.

ही व्यवस्था एका शब्दातही लपू शकते. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात नैसर्गिक पालक म्हणून आधी पिता आणि त्याच्या 'नंतर' माता, असे म्हटले आहे. लेखिका गीता हरिहरन यांनी मुलासाठी रोखे घेताना पालक म्हणून स्वतः सही केली. रिझर्व्ह बँकेने वडिलांची सही मागितली. 1999 साली सर्वोच्च न्यायालयाने 'नंतर' म्हणजे मृत्यूनंतर नव्हे, तर 'पित्याच्या अनुपस्थितीत' असा अर्थ लावला. पिता मुलाकडे लक्षच देत नसेल, तर तीही अनुपस्थितीच. कायद्यातला क्रम मात्र तसाच राहिला.

म्हणून 'पुरुष जुलमी, स्त्रिया सोशिक' ही मांडणी अपुरी पडते. रडला म्हणून 'बायकी' ठरवला गेलेला मुलगा, एकटीने घर चालवणारी आई, तृतीयपंथी व्यक्ती तीत बसत नाहीत. पण सर्वसमावेशक बोलायचे म्हणून भाषा गुळमुळीतही करू नये. 'तिला मारहाण झाली' या वाक्यात मारणारा गायब होतो. नवऱ्याने मारले असेल, तर तसेच म्हणावे.

1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांसाठी महाराष्ट्रात शासकीय कागदपत्रांवर मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे असा क्रम ठरला आहे. त्याआधी जन्मलेली मुले आज आपल्या वर्गात बसली आहेत. अर्ज भरून घेताना 'वडील काय करतात?' याऐवजी 'घरी कोण कोण असतं?' असे विचारून पाहावे.