इंग्लंडातील मृत्यूचे दप्तर

लंडन



इंग्लंडात मनुष्य मरण पावला म्हणजे वैद्यकीय दाखला निबंधकाच्या कचेरीत पोहोचल्यापासून पाच दिवसांच्या आत त्याच्या आप्ताने तेथे जाऊन वर्दी द्यावी, निबंधकाने मृताचे नाव, वय, व्यवसाय, मरणाचा दिवस व ठिकाण आणि वैद्याने प्रमाणित केलेले कारण यांची नोंद करून वर्दी देणाराची सही घ्यावी, आणि मग अंत्यविधीसाठी लागणारा हिरवा कागद द्यावा, असा शिरस्ता आहे. आपल्याकडील नोंदवहीहून यात फारसे निराळे काही नाही. निराळे आहे ते हे, की एकदा झालेली नोंद त्या कुटुंबाची खाजगी बाब राहत नाही. ठरलेली फी भरून कोणाही परक्या इसमाने कोणाच्याही मृत्यूनोंदीची नक्कल मागावी आणि सरकारने ती द्यावी.

1538 मध्ये आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याच्या हुकमाने चर्चच्या वह्या सुरू झाल्या, पण त्यांत नोंद दफनाची होई, मृत्यूची नव्हे. वारसा आणि मिळकतीच्या वादांत अशा वह्यांचा पुरावा तोकडा पडू लागला तेव्हा 1 जुलै 1837 पासून सरकारने हे काम स्वतःकडे घेतले. दप्तर जन्मले ते अशा मालमत्तेच्या चिंतेतून. त्यातील कारणाच्या रकान्याचे सामर्थ्य ओळखले ते विल्यम फार या वैद्याने. महानिबंधकाच्या कचेरीत सुमारे चाळीस वर्षे बसून त्याने कोणत्या वस्तीत, कोणत्या धंद्यात, कोणत्या रोगाने माणसे मरतात याचे तक्ते केले, आणि लंडनमधील मृत्यूंचा तपशील दर आठवड्यास छापला जाऊ लागला.

1854 च्या सप्टेंबरात लंडनच्या सोहो भागात पटकीने थैमान घातले, तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी याच कचेरीतून 83 मृतांची यादी मिळवली, घरोघर चौकशी केली, आणि बहुतेक मृत्यू ब्रॉड स्ट्रीटवरील एका हापशाच्या आसपासचे असल्याचे दाखवून दिले. त्यावरून हापशाचा दांडा काढण्यात आला. परंतु माझ्या मते या दप्तराचे खरे मोल पुढच्या वर्षी दिसले. हेन्री व्हाइटहेड नावाचा तेथील तरुण पाद्री, ज्याला स्नो यांचे मत आरंभी मुळीच पटले नव्हते, साप्ताहिक तपशील चाळीत असता एका नोंदीपाशी थबकला: ब्रॉड स्ट्रीट, घर क्रमांक 40, 2 सप्टेंबर, पाच महिन्यांची मुलगी, चार दिवसांपूर्वी सुरू झालेल्या अतिसाराने आलेली ग्लानी. कारणात पटकीचे नावही नव्हते. पण आजाराचा आरंभ साथीच्या उद्रेकाच्या अगोदरचा होता आणि हापसा त्याच घरापुढे उभा होता. त्याने आईची गाठ घेतली. बाळाची दुपटी भिजवलेले पाणी तिने घरापुढील मैलाकुंडात ओतले होते. खोदून पाहता विहीर त्या कुंडापासून तीन फुटांहूनही जवळ निघाली आणि मधल्या विटा खिळखिळ्या झालेल्या आढळल्या. ‘चार दिवसांपूर्वी’ हा मजकूर लिहिण्याचा कोणी कंटाळा केला असता, तर साथीचा उगम कायमचा अज्ञात राहिला असता.

पुढे 1951 मध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल या संशोधकांनी ब्रिटनमधील डॉक्टरांना त्यांच्या धूम्रपानाविषयी पत्रे धाडली. चाळीस हजारांहून अधिकांनी उत्तरे दिली. मग त्यांपैकी जो जो मरेल त्याच्या मृत्यूचे कारण निबंधकांच्या दप्तरातून कळत गेले, आणि तीन वर्षांच्या आत फुप्फुसाचा कर्करोग व सिगारेट यांचे नाते पुन्हा एकदा उघड झाले.

अशा उघड्या दप्तराची किंमत कुटुंबांना द्यावी लागते, हे मी विसरत नाही. आत्महत्या किंवा लज्जास्पद मानलेला रोग परक्याने वाचावा असे कोणत्या मातेस वाटेल? तथापि ती भीड बाळगून वैद्याने मोघम कारण लिहावे, हे मला अधिक घातक वाटते, कारण त्याचे फळ शेजारच्या घराला भोगावे लागते.

आपल्याकडे सध्या जातीच्या पुराव्यासाठी जुनी कोतवाल बुके आणि गाव नमुना 14 या गावोगावच्या जन्ममृत्यूच्या वह्यांची पाने कसोशीने तपासली जात आहेत. त्याच पानांवर मरणाचे कारणही आहे, आणि नाना रोगांचे मृत्यू त्यात नुसते ‘ताप’ या एका शब्दाखाली दाखल आहेत. आजही भारतात बहुसंख्य मृत्यूंच्या कारणाला वैद्याचे प्रमाणपत्र नसते. त्या वह्या उघडल्याच आहेत, तर तो रकानाही वाचला जावा आणि आजच्या वहीत तो डॉक्टरच्या सहीने भरला जावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला,
लंडनचा वार्ताहर