भिंतीवरचे वाक्य आणि भिंतीवरचे नाव

भिंतीवर केलेल्या लिखाणाला जपानी भाषेत ‘राकुगाकी’ म्हणतात. या शब्दाचा पूर्वज ‘राकुशो’. त्याचा शब्दशः अर्थ ‘पाडलेले लिखाण’. उघडपणे बोलता येत नाही ते कागदावर उतरवावयाचे आणि कोणाच्या तरी दृष्टीस पडेल अशा बेताने वाटेवर टाकून द्यावयाचे, अशी ती रीत होती. इ. स. १३३४ मध्ये क्योतो येथे निजोच्या नदीकाठी असे एक राकुशो प्रकटले. सम्राट गो-दाइगो याच्या नव्या राजवटीत रात्रीचे दरोडे आणि बनावट राजाज्ञा कशा बोकाळल्या आहेत, याचा त्यात उपहास होता. लेखक अज्ञात राहिला, लिखाण मात्र इतिहासात टिकले. नाव झाकावे आणि वाक्य उघड करावे, हा या परंपरेचा मूळ धर्म होय. आधुनिक जपानमधील निराश तरुणांच्या हातून हा क्रम हळूहळू उलटत गेला. त्यांच्या मनःस्थितीचा माग लिखाणातील तक्रारीपेक्षा या उलटण्यातच अधिक लागतो, असे आम्हांस वाटते.

१९६८ साली तोक्यो विद्यापीठात वैद्यकशाखेच्या विद्यार्थ्यांच्या बिनवेतनी उमेदवारीवरून तंटा सुरू झाला आणि पाहता पाहता तो सर्व विद्यापीठभर पसरला. विद्यार्थ्यांनी यासुदा सभागृह ताब्यात घेतले. १९६९ च्या जानेवारीत, १८ व १९ तारखांना, हजारो पोलिसांनी ते लढून परत मिळविले. त्या वर्षी विद्यापीठाची प्रवेशपरीक्षाच रद्द झाली. सभागृहाच्या भिंतींवर मागे जे लिखाण सापडले, त्यांतील एक वचन आजही जपानमध्ये स्मरणात आहे. सहकाऱ्यांचा शोध आहे, पण एकटे पडण्याचे भय नाही, असा त्याचा आशय. पराभव समोर दिसत असताही लिहिणाऱ्याचा वाचकावरचा विश्वास सुटलेला नाही. वाक्य पूर्ण आहे, डौलदार आहे, आणि ते कोणाला तरी उद्देशून आहे.

त्यानंतरच्या पिढीत वाक्य आखडले. रात्री मोटारसायकलींचे तांडे घेऊन कर्कश आवाज करीत फिरणाऱ्या तरुणांना ‘बोसोझोकु’ असे नाव पडले. १९८२ साली पोलिसांच्या गणतीत ते ४२ हजारांहून अधिक होते. त्यांच्या फवाऱ्यांनी रंगविलेल्या भिंतींवर आणि भरतकाम केलेल्या अंगरख्यांवर चार चिनी अक्षरे वारंवार दिसत. त्यांचे अर्थ अनुक्रमे रात्र, दव, मृत्यू आणि दुःख; उच्चार मात्र ‘यो-रो-शि-कु’. आणि ‘योरोशिकु’ हा तर रोजच्या शिष्टाचारातला शब्द. आपल्याकडील ‘लोभ असावा’ याच्या जवळपास जाणारा. शाळेत घोटून घेतलेली लिपी, घरी शिकविलेले सौजन्य, आणि दोहोंवर पसरलेली मृत्यूची छाया! उच्चार कानाला नमस्कार करतो आणि अक्षरे डोळ्यांना धमकी देतात. परीक्षांच्या शर्यतीत मागे पडलेल्या मुलांनी त्याच शिक्षणाचे साहित्य घेऊन केलेला हा श्लेष आम्हांस फार बोलका वाटतो. भाषाशिक्षकाने तो केवळ गुंडगिरी म्हणून सोडून देऊ नये.

पुढे जमिनीच्या व भागभांडवलाच्या चढलेल्या किमती १९९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत कोसळल्या. साधारणतः १९९३ ते २००५ या काळात पदवीधर झालेल्यांच्या वाट्याला जे आले, त्यास जपानी लोक ‘नोकरीचे हिमयुग’ म्हणतात. याच सुमारास योकोहामा येथील साकुरागिचोची लांबच लांब भिंत रंगवणाऱ्यांचे तीर्थस्थान बनली होती. वरून तोयोको मार्गाची आगगाडी धावे, आणि खाली रोमन अक्षरे इतकी पिळवटून काढलेली असत की, जाणत्या सोबत्यांवाचून ती कोणालाही वाचता येऊ नयेत. ही शैली न्यूयॉर्कची. १९८३ साली आलेल्या ‘वाइल्ड स्टाइल’ या चित्रपटाने ती जपानला दाखविली. येथे वाक्य उरलेच नाही. उरले ते केवळ नाव, तेही घेतलेले. या सर्वांस नैराश्याचे अपत्य ठरविणे अन्यायाचे होईल. रंगाचा आणि हस्तकौशल्याचा निखळ आनंदही त्यात होता. परंतु सर्वांना कळेल असे काही सांगण्याची इच्छाच या लिखाणातून मावळली होती, हे नाकारता येत नाही. २००४ साली त्या टप्प्यावरील आगगाडी बंद झाली आणि पुढे काही वर्षांत भिंतीवरील चित्रेही गेली.

वाक्य मात्र अगदीच लोपले नव्हते. २००३ च्या एप्रिलमध्ये, इराकवरील आक्रमणानंतर थोड्याच दिवसांनी, तोक्योच्या सुगिनामी भागातील एका उद्यानाच्या सार्वजनिक शौचालयाच्या पांढऱ्या भिंतीवर एका तरुणाने फवाऱ्याने युद्धविरोधी शब्द लिहिले. ते कोणासही वाचता येण्यासारखे होते. किरकोळ गुन्ह्याऐवजी त्याच्यावर इमारतीच्या नासधुशीचा आरोप ठेवण्यात आला आणि एक वर्ष दोन महिन्यांची शिक्षा झाली. ती तीन वर्षांसाठी स्थगित होती. १७ जानेवारी २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याचे अपील फेटाळले. इमारतीचे रूप अतिशय बिघडले असून ते पूर्ववत करणे सोपे नाही, हा त्या निर्णयाचा आधार होता.