जुन्या डिजिटल डायरीची वाढीव मेमरी

सोनीने २००० साली जपानमध्ये आणलेल्या 'क्लिए' या खिशात मावणाऱ्या डिजिटल डायरीत अंतर्गत मेमरी जेमतेम ८ मेगाबाइट होती. पत्ते, नोंदी, भेटीच्या वेळा यांना ती पुरे. चित्रे किंवा मोठा शब्दकोश ठेवायचा तर कार्डाची गरज भासे. त्यासाठी यंत्रात 'मेमरी स्टिक' या कार्डाची खाच होती.

दोन्ही मेमरींचा स्वभाव वेगळा. अंतर्गत रॅम वेगवान असते, पण बॅटरी पूर्ण संपली की तिच्यातला मजकूर पुसला जातो. कार्डातली फ्लॅश मेमरी विजेविना मजकूर जपते. म्हणून कार्ड जागाही वाढवते आणि नोंदींची राखीव प्रतही सांभाळते.

कार्ड निवडताना जात पाहावी लागते. मूळ मेमरी स्टिक १२८ मेगाबाइटपर्यंतच मिळे. २००३ची 'प्रो' स्टिक त्याच खाचेत बसते, पण जुन्या यंत्राला वाचता येत नाही. एसडी कार्डांचेही तसेच: २००६ नंतरची एसडीएचसी कार्डे जुन्या एसडी यंत्रांत चालत नाहीत. नवे कार्ड फॉरमॅट करणे त्याच यंत्रात उत्तम. त्याआधी संगणकावर बॅकअप घ्यावा.

रॅमचा वेग आणि फ्लॅशचा टिकाऊपणा एकाच चिपमध्ये आणण्याच्या प्रयत्नांत जपानमधल्या त्सुकुबा शहराचा मोठा वाटा आहे. तेथील एआयएसटी या राष्ट्रीय संशोधन संस्थेत शिंजी युआसा यांच्या गटाने २००४ साली मॅग्नेशियम ऑक्साइडचा पातळ थर वापरून चुंबकीय जोडाच्या विद्युतरोधातला बदल अनेक पटींनी वाढवला. आजच्या एमरॅम (चुंबकीय रॅम) चिप याच पायावर उभ्या आहेत.