महामार्ग क्रमांक 6 पाण्यावरून जातो तेव्हा

टोरांटोहून वायव्येला सुमारे 300 किमी गेलं की ब्रूस द्वीपकल्पाच्या टोकाला टोबरमोरी नावाचं छोटं बंदर लागतं. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताचा महामार्ग क्रमांक 6 इथे पाण्याशी संपतो आणि पलीकडे मॅनिटूलिन बेटावर, साउथ बेमाउथ गावात, तोच क्रमांक घेऊन पुन्हा सुरू होतो. मधलं चाळीसहून अधिक किमी ह्युरन सरोवर ‘ची-चीमॉन’ नावाचं जहाज पार करून देतं. ओजिब्वे भाषेत या नावाचा अर्थ मोठी होडी. ओजिब्वे ज्या अनिशिनाबे समाजाचा भाग आहेत, त्याची वस्ती या बेटावर फार जुनी आहे.

मॅनिटूलिन हे गोड्या पाण्याच्या सरोवरातलं जगातलं सर्वांत मोठं बेट, सुमारे 2,766 चौरस किमीचं. नायगाराचा धबधबा ज्या खडकाच्या कड्यावरून कोसळतो, तोच कडा ब्रूस द्वीपकल्पातून येऊन टोबरमोरीपुढे पाण्याखाली जातो आणि मॅनिटूलिनच्या रूपात पुन्हा वर येतो. महामार्गाने कड्याचीच वाट धरली आहे. जहाज नसेल तर जॉर्जियन उपसागराला दिवसभराचा वळसा पडतो. जहाजाने पावणेदोन तास लागतात.

कोकणातल्या दाभोळ-धोपावे फेरीबोटीने, म्हणजे जंगलजेट्टीने, वाशिष्ठीची खाडी ओलांडली असेल, तर मूळ कल्पना ओळखीचीच आहे. गाडी चढवायची, हँडब्रेक ओढायचा, पलीकडे उतरवायची. जंगलजेट्टीवर मात्र आपण उघड्यावर, गाडीशेजारी उभे असतो. ची-चीमॉन 111 मीटर लांब आहे आणि सहाशेहून अधिक माणसं व सुमारे 140 गाड्या नेतं. गाड्यांचा मजला चारी बाजूंनी बंद असतो. जहाज सुटल्यावर तिथे कुणालाही थांबू देत नाहीत. सगळ्यांनी वरच्या मजल्यांवर जायचं.

आरक्षण करतानाच गाडीची लांबी आणि उंची विचारतात, कारण जागा मोजली जाते ती लांबीत. बंदरावर आधी पोचायचं आणि दिलेल्या रांगेत उभं राहायचं. मागून आलेल्या गाडीला कधी कधी आधी आत बोलावतात. तो अन्याय नव्हे, वजनाचा हिशेब असतो. अवजड ट्रक मध्यरेषेजवळ घ्यायचे, हलक्या गाड्या कडेला लावायच्या आणि डावी-उजवी बाजू सारखी भरत न्यायची. जहाजाला दोन्ही टोकांना दारं आहेत. गाडी एका टोकाने शिरते आणि समोरच्या टोकाने बाहेर पडते, त्यामुळे रिव्हर्स घेण्याचा खोळंबा होत नाही. नाळेकडचं, म्हणजे पुढचं, दार उघडताना पाहण्यासारखं असतं. जहाजाचं अख्खं तोंड जबडा उघडावा तसं वर उचललं जातं.

या दारांपाशी थोडं थांबायला हवं. साध्या जहाजाचं पोट आडव्या भिंतींनी कप्प्यांत विभागलेलं असतं; एका कप्प्यात पाणी शिरलं तरी बाकीचे तारून नेतात. गाड्यांचा मजला मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळा दालनासारखा ठेवावा लागतो, नाहीतर गाड्या जाणार कशा? काठोकाठ भरलेली परात दोन हातांनी उचलून चालताना काय होतं ते आठवा. हात किंचित कलला की सगळं पाणी त्याच बाजूला धावतं आणि परात आणखी कलते. गाड्यांच्या मजल्यावर वीतभर पाणी साचलं तरी जहाजाचं असंच होतं. 6 मार्च 1987 रोजी बेल्जियममधल्या झीब्रुग्गहून ‘हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज’ हे असंच गाड्या नेणारं जहाज नाळेचं दार उघडंच ठेवून निघालं आणि काही मिनिटांत कलंडलं. 193 माणसं गेली. 28 सप्टेंबर 1994 रोजी बाल्टिक समुद्रात वादळी लाटांनी ‘एस्टोनिया’ जहाजाचं उचलतं तोंड तोडून नेलं, 852 माणसं बुडाली. आज दार नीट बंद झालं की नाही हे कप्तानाला ब्रिजवरच्या, म्हणजे सुकाणूच्या कक्षातल्या, दिव्यांवर दिसतं. त्या दिव्यांमागे ही सगळी माणसं आहेत, आणि दार मिटेपर्यंतचा विलंब मला कधीच जास्त वाटत नाही.

पाण्याची पातळी ही दुसरी अडचण. कोकणात भरती-ओहोटीमुळे ती तासातासाला बदलते आणि जेट्टीचा उतार त्या हिशेबानेच बांधलेला असतो. ह्युरन सरोवरात जाणवेल अशी भरती नाही. पातळी हलते ती ऋतूंनी आणि वर्षांनी. ऑक्टोबर 1986 मधला उच्चांक आणि जानेवारी 2013 मधला नीचांक यांत सुमारे 1.9 मीटरचा फरक आहे. 2013 च्या वसंतात पाणी इतकं उतरलं, की जहाजाची कड धक्क्यावरच्या फेंडरना नीट टेकेना. ते दुरुस्त करेपर्यंत हंगाम वेळेवर सुरू होऊ शकला नाही.

गोड्या पाण्याचा एक मोठा फायदाही आहे. मीठ नसल्याने पोलाद सावकाश गंजतं. ची-चीमॉन 1974 मध्ये जॉर्जियन उपसागराच्या दक्षिण काठावरच्या कॉलिंगवूड गोदीत बांधलं गेलं. ती गोदी 1986 मध्ये बंद पडली, जहाज मात्र त्यानंतरही चालतच राहिलं. अर्थात, समुद्राचं पाणी सुमारे अडीच टक्क्यांनी जड असल्यामुळे तेच वजन घेऊन जहाज इथे थोडं जास्त खोल बसतं.

फेऱ्या साधारण मेच्या सुरुवातीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत चालतात. पुढे बंदरांत बर्फ धरतो, आणि त्याआधी नोव्हेंबरची वादळं येतात. नोव्हेंबर 1913 मधल्या वादळात ह्युरनसह उत्तर अमेरिकेच्या महासरोवरांवर 250 हून अधिक खलाशी बुडाले, त्यांतले बहुतेक ह्युरनमध्येच. आपल्याकडे पावसाळ्यात गेटवे-मांडवा लाँच बंद होतात, तशीच ही विश्रांती. फक्त तिथे पावसाऐवजी हिवाळा आडवा येतो. जहाज ओवेन साउंड बंदरात बांधून ठेवतात. नळांतलं पाणी काढून टाकतात, नाहीतर ते गोठून नळ फुटतील. यंत्रं उघडून तपासतात.

त्या महिन्यांत बेटावरच्या माणसांना उत्तरेकडचा लिटल करंटचा पूल हाच एक रस्ता उरतो. 1913 मध्ये बांधलेला हा पूल एकपदरी आहे. उन्हाळ्यात दिवसा दर तासाला तो मधल्या खांबावर फिरून बोटींना वाट देतो आणि गाड्या पंधरा मिनिटं थांबून राहतात. हिवाळ्यात बोटीच नसतात, त्यामुळे तो स्थिर असतो आणि बेटाची सगळी वाहतूक त्या एका पदरावरून, आळीपाळीने, चालू राहते.