अक्सूम : तांबड्या समुद्रालगतचे आफ्रिकी राज्य आणि त्याचा जगाशी संबंध

आफ्रिका खंडाचा इतिहास म्हणजे इतरांनी त्या खंडात येऊन जे केले त्याचा इतिहास, अशी समजूत आपल्याकडील सुशिक्षित वर्गातही खोलवर रुजलेली आहे. प्रथम अरब आले, मग पोर्तुगीज आले, गुलामांचा व्यापार झाला आणि शेवटी युरोपीय सत्तांनी तो खंड आपसांत वाटून घेतला, या क्रमाने तो सांगितला जातो. हेगेलसारख्या तत्त्वज्ञाने एकोणिसाव्या शतकातील आपल्या व्याख्यानांत आफ्रिका हा जागतिक इतिहासाचा भागच नव्हे, असे मत मांडले होते. दुसऱ्यांनी लिहिलेल्या इतिहासात आपले स्थान शोधावे लागणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना निराळे सांगावयास नको. म्हणून सर्वसाधारण चर्चा न करता प्रस्तुत लेखात आम्ही एकाच आफ्रिकी राज्याचा पुरावा तपासणार आहोत. ते राज्य म्हणजे अक्सूम.

अक्सूम हे नगर आजच्या इथिओपियाच्या उत्तरेस तिग्राई प्रांतात, समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरहून अधिक उंचीच्या पठारावर आहे. त्याचे बंदर अदुलिस आजच्या एरिट्रियाच्या किनाऱ्यावर होते. इ. स. च्या पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीकभाषी लेखकाने 'पेरिप्लस' या नावाने प्रसिद्ध असलेली जी सागरी मार्गदर्शिका लिहिली, तिच्यात अदुलिसहून अक्सूमला जाण्यास आठ दिवस लागतात असे नमूद आहे. तेथून हस्तिदंत, कासवाची पाठ आणि गेंड्याची शिंगे बाहेर जात. भारतातून लोखंड, पोलाद व सुती कापड तेथे येई. तेथील राजा झोस्कालेस हा धनलोभी, परंतु ग्रीक लेखनविद्या जाणणारा होता, असे हा लेखक म्हणतो. व्यापाऱ्याला गिऱ्हाईक राजा लोभी वाटावा यात नवल नाही! याच ग्रंथात बरिगाझा, सुप्पारा व कल्लिएना ही बंदरेही येतात. पालि साहित्यातील भरुकच्छ आणि सुप्पारक ती हीच. सोपारा येथे अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे व स्तूप सापडले आहेत, हे वाचक जाणतातच.

इ. स. २७०च्या सुमारास एंडुबिस या राजाने अक्सूमची स्वतःची नाणी पाडावयास आरंभ केला. ती सोने, चांदी व तांबे या तिन्ही धातूंची होती. स्वतःच्या नावाने सुवर्णनाणी पाडणारी राज्ये त्या काळी जगात मोजकीच होती. याच तिसऱ्या शतकात इराणात मानी नावाचा धर्मसंस्थापक झाला. तथागत बुद्ध, जरथुष्ट्र आणि येशू हे आपले पूर्वसूरी, असे तो मानीत असे. त्याच्या शिकवणुकीच्या 'केफालाइया' या संग्रहात जगातील चार महान राज्यांची गणना आहे. तीत इराण व रोम यांच्यासोबत अक्सूमचे नाव आहे. समकालीनांना जे राज्य रोमच्या पंक्तीस बसविण्याजोगे वाटले, त्याचे नावही आपल्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच आढळते.

भारताशी असलेल्या संबंधाचा सर्वांत डोळ्यांत भरणारा पुरावा १९४० साली मिळाला. अक्सूमच्या पूर्वेस कड्यावर वसलेल्या देब्रे दामो या ख्रिस्ती मठाच्या परिसरात १०५ कुषाण सुवर्णनाण्यांचा साठा सापडला. त्यात विम कडफिसेस, कनिष्क, हुविष्क आणि वासुदेव यांची नाणी होती. ज्या कनिष्काचे नाव बौद्ध परंपरेत आदराने घेतले जाते, त्याच्या मुद्रेचे सोने आफ्रिकेच्या पठारावर पोहोचले होते. उलट दिशेने अक्सूमची नाणीही दक्षिण भारतात आलेली आहेत.

परंतु आम्हांस नाण्यांहून अधिक महत्त्वाची वाटते ती लिपी. चौथ्या शतकातील एझाना या राजाने आपल्या एका विजयाचा वृत्तान्त शिळेवर ग्रीक व गेएझ या दोन भाषांत कोरविला. ग्रीक ही त्या सागरी व्यापाराची भाषा होती. गेएझ ही त्याच्या प्रजेची. गेएझ लिपीचे मूळ दक्षिण अरबस्तानातील लिपीत आहे. त्या मूळ लिपीत केवळ व्यंजने लिहिली जात, स्वर वाचकाने समजून घ्यावयाचे असत. एझानाच्याच काळात येथे मोठा बदल झाला. प्रत्येक व्यंजनाच्या आकृतीला लहानसा फरक करून स्वर दाखविण्यात येऊ लागले. २६ व्यंजने आणि प्रत्येकाची ७ रूपे, अशी ती व्यवस्था आहे. मूळ रूपातच आपल्या 'अ'सारखा स्वर गृहीत धरलेला असतो. क, का, कि, की अशी बाराखडी घोकलेल्या माणसाला ही रचना पाहताच ओळखीची वाटेल.

या साम्यावरून काही विद्वानांनी गेएझची स्वरव्यवस्था भारतीय लिपींच्या, म्हणजे ब्राह्मी किंवा खरोष्ठीच्या, परिचयातून निर्माण झाली असावी असे अनुमान केले आहे. व्यापारी संबंध लक्षात घेता ते अशक्य नाही. तथापि ते सिद्ध झालेले नाही. भेदही आहेत. ब्राह्मीत स्वररहित व्यंजनासाठी जोडाक्षर येते. गेएझमध्ये जोडाक्षर नाही, तेथे सहावे रूप तेही काम करते. समजा, कल्पना भारतातून गेली असली, तरी ती आपल्या भाषेच्या गरजेप्रमाणे घडविणारे हात अक्सूमचेच होते. भारताने आफ्रिकेला अक्षरे शिकविली, असे अभिमानाने सांगू पाहणाऱ्यांनी हेगेलचाच मार्ग नकळत धरलेला असतो.

भारतीय आणि अक्सूमी माणसे प्रत्यक्ष एका ठिकाणी येत होती, याचे प्रमाण सोकोत्रा बेटावर आहे. आफ्रिकेच्या शिंगाजवळील या बेटावर होक नावाची खोल गुहा आहे. तेथे इ. स. च्या पहिल्या काही शतकांतील नाविकांनी आपली नावे लिहून ठेवली आहेत. बहुसंख्य लेख ब्राह्मीत आहेत. काही लिहिणारे भरुकच्छाचे होते. स्तूपाची रेखाटनेही आढळतात. त्याच गुहेत गेएझ लेखही आहेत.

मग बौद्ध धम्म आफ्रिकेत पोहोचला होता काय? सम्राट अशोकाच्या तेराव्या शिलालेखात तुरमाय व मग यांची नावे आहेत. हे इजिप्तचा दुसरा टॉलेमी व सायरीनचा मागस होत. दोघेही आफ्रिकेच्या भूमीवर राज्य करणारे ग्रीक राजे. २०२२ साली इजिप्तच्या बेरेनिके बंदरातील इसिसच्या मंदिरात ७१ सेंटिमीटर उंचीची संगमरवरी बुद्धमूर्ती मिळाली. ती दुसऱ्या शतकातील मानली जाते. या गोष्टी आनंददायक आहेत. परंतु एका मूर्तीवरून संघाचे अस्तित्व सिद्ध होत नाही, आणि श्रद्धेपोटी पुराव्याला ताणणे हे धम्माशी सुसंगत नाही. अक्सूमपुरते बोलावयाचे तर एझानाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि त्याच्या नाण्यांवर चंद्रकोरीच्या जागी क्रूस आला.

सहाव्या शतकात रोमचा सम्राट जस्टिनियन याने अक्सूमच्या राजा कालेबकडे दूत पाठविला. भारतीयांकडून रेशीम विकत घेऊन ते रोमला पुरवावे आणि इराणची मक्तेदारी मोडावी, अशी त्याची विनंती होती. ती सफल झाली नाही. कारण भारतीय जहाजे ज्या बंदरांत प्रथम येत, तेथेच इराणी व्यापारी सारा माल उचलून घेत, असे इतिहासकार प्रोकोपियस सांगतो. रोमच्या सम्राटाने आफ्रिकी राजाकडे मागणे घेऊन यावे, ही गोष्ट मात्र ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पुढे इ. स. ६१५च्या सुमारास मक्केत छळ होऊ लागल्यावर पैगंबर मुहंमदांच्या काही अनुयायांनी अक्सूमच्या ख्रिस्ती राजाचा आश्रय घेतला. त्यांना परत पाठवावे ही मक्केच्या श्रेष्ठींची मागणी राजाने नाकारली, असे इस्लामी परंपरा सांगते.

सातव्या शतकानंतर सागरी व्यापाराचे मार्ग अक्सूमच्या हातून गेले आणि नाणीही बंद पडली. नगरातील प्रचंड एकपाषाणी स्तंभ मात्र राहिले. त्यांपैकी सुमारे २४ मीटर उंचीचा एक स्तंभ मुसोलिनीच्या सैन्याने १९३७ साली रोमला नेऊन उभा केला. तो परत देण्याचे इटलीने १९४७च्या तहात मान्य केले होते. प्रत्यक्षात तो तीन तुकड्यांत २००५ साली परत आला आणि २००८ साली अक्सूम येथे पुन्हा उभारण्यात आला. गेएझ लिपी तर कधी कोणाला नेताच आली नाही. अम्हारिक व तिग्रिन्या या भाषांची वर्तमानपत्रे आजही तिच्यातच छापली जातात.